सात बेचाळीसचा तारा

बस डेपोच्या फाटकाशी काचेची एक केबिन होती आणि त्या केबिनीत बसणाऱ्या बाईला सगळा डेपो कंट्रोलर बाई म्हणायचा. काम एवढंच, की कुठली बस किती वाजता सुटली आणि किती वाजता परत आली ते लिहायचं. एवढंच, हे म्हणायला. दिवसभर ड्रायव्हर येऊन खिडकीवर कोपर टेकवणार आणि म्हणणार, "बाई, दोन मिनिटं मागे लिहा की, सिग्नल बंद होता." बाई मान वर न करता म्हणायची, "मग सिग्नलला सांगा." वीस वर्षांत तिने कुणाला एक मिनिट सोडलं नव्हतं. त्यामुळे डेपोत तिला मान होता, आणि चहाला मात्र कुणी बोलवत नसे.

अशा बाईच्या घरी दुर्बीण आली ती नवऱ्यामुळे. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. एक इंजिनिअर बदली होऊन घर रिकामं करत होता, त्याच्याकडचा जुना फ्रिज आणायला हा टेम्पो घेऊन गेला आणि फ्रिजऐवजी दुर्बीण घेऊन आला. दोन दिवस त्याने ती मिरवली, तिसऱ्या दिवशी विसरला. गिझरच्या टाकीएवढं जाड, छातीपर्यंत येईल एवढं लांब नळकांडं. तळाला आठ इंची आरसा, वरचं तोंड सताड उघडं, आणि त्या तोंडाजवळच बाजूला डोळा लावायची छोटी नळी. खाली मोटर, ती आकाशाबरोबर दुर्बीण हळूहळू फिरवायची. बाईने एकदा डोळा लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "ही आता माझी."

डोळ्याच्या नळीत डोळ्याऐवजी कॅमेरा बसवता येतो हे तिला महिन्याभराने कळलं आणि मग काही खरं नव्हतं. चंद्राचा पहिला फोटो आला तो नुसता पांढरा गोळा, खड्डा ना डोंगर. नवरा म्हणाला, "ट्यूबलाइट छान आलीय." बाई चिकाटीची. कॅमेऱ्याला किती वेळ उजेड द्यायचा ते शिकली, तारा ठिपक्यासारखा बारीक कसा आणायचा ते शिकली. मृगातला तेजोमेघ घ्यायला अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे एकशेवीस फोटो काढून ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, तेव्हा कुठे काळ्यावर गुलाबी धुरासारखं काहीतरी उमटलं. तो फोटो तिने केबिनीत लावला. ड्रायव्हरांना वाटलं, पोटाचा एक्स-रे असेल.

पण त्या फोटोंपायी घरात कायदे आले. कुणी शेजारून चाललं तरी दुर्बीण हादरते आणि ताऱ्याला शेपूट फुटते. म्हणून दुर्बीण मागच्या अंगणात उभी असली की पाय वाजवायचे नाहीत, दिवा लावायचा नाही, मागचं दार उघडायचं नाही. बाई स्वतःसुद्धा अंगणात थांबत नसे. कॅमेऱ्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घ्यायची, आणि अंधारात ओट्याशी स्टूल टाकून, लॅपटॉपवर पांघरूण ओढून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "स्वतःच्या घरात चोरासारखं वावरायचं. हिने इथेही डेपो काढला."

सासूबाई शहात्तर वर्षांच्या. उभी हयात शिवणकामात गेलेली, जीभही कात्रीसारखीच. सासू-सुनांचं भांडण म्हणावं तर नव्हतं, पण गोडीही नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर एकीने दुसरीला ते नवऱ्यामार्फत कळवायचं, अशी पंचवीस वर्षांची रीत. नवरा बिचारा दोघींमधला पोस्टमन झाला होता.

पुढे बाईला एका मंडळाचा पत्ता लागला. मंडळ म्हणजे वेगवेगळ्या गावांतली सहा माणसं आणि त्यांचे म्होरके, एक निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले. सगळे त्यांना सेकंदकाका म्हणत. ही मंडळी सुंदर फोटोंच्या मागे नव्हती. आकाशात दगडधोंड्यांसारखे लघुग्रह फिरतात, इतके लहान की दुर्बिणीतूनही धड दिसत नाहीत. पण क्वचित एखादा लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो, आणि तेवढे दोन-तीन सेकंद तारा विझतो. तारा कधी विझला आणि कधी पेटला हे ठिकठिकाणच्या लोकांनी अचूक टिपलं, की तो दगड केवढा आणि कसा आहे ते काढता येतं. या लोकांचं काम तेवढंच, वेळ लिहायची. बाईला हे वाचून वाटलं, आपण जन्माला आलो ते यासाठीच. इथे कुणी दोन मिनिटं मागे लिहा म्हणणार नव्हतं.

सेकंदकाकांनी तिला आढेवेढे घेत घेतलं. "ताई, नवी माणसं उत्साहाने येतात आणि दुसऱ्या ढगाला पळतात," असं ते तोंडावर म्हणाले. बाई पळाली नाही, पण नशीब आडवं आलं. नऊ वेळा प्रयत्न केला आणि नऊही वेळा हात हलवत परतली. पाचदा ढग. एकदा वीज गेली. एकदा तिने तासभर भलत्याच ताऱ्यावर कॅमेरा रोखून ठेवला होता. उरलेल्या दोनदा तारा विझलाच नाही, लघुग्रहाची सावली दुसरीकडून गेली. मंडळाच्या यादीत तिच्या नावापुढे नऊ रेघा होत्या. बाकी सहाही जणांची एकेक तरी नोंद छापून आली होती. वय बावन्न, डेपोत रोज शेकड्याने वेळा लिहिलेल्या, आणि त्यातली एकही वर्षाअखेरीला रद्दीत गेल्याशिवाय राहत नव्हती. एक तरी वेळ अशी लिहावी जी कुणीतरी जपून ठेवील, एवढीच तिची हाव होती, आणि ती तिला जाळत होती.

दहावी खेप गुरुवारी संध्याकाळी होती, सात वाजून बेचाळीस मिनिटांनी. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. "गुरुवारी सात बेचाळीस," हे नवऱ्याला सांगून झालं, शेजारच्यांना त्यांचा मागचा दिवा बंद ठेवायला सांगून झालं, सासूबाईंना नवऱ्यामार्फत तीनदा सांगून झालं. सासूबाई म्हणाल्या, "कळलं म्हणावं. मी बहिरी नाही."

त्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाईने साडेसहाला तारा शोधून काढला आणि नकाशाशी चार वेळा ताडून पाहिला. मग एक शहाणपणा केला. कॅमेऱ्याची चौकट जितकी लहान करावी तितके सेकंदाला जास्त फोटो निघतात, म्हणून तिने चौकट कापत कापत इतकी लहान केली की तिच्यात तो एकच तारा उरला. सेकंदकाकांनी सांगून ठेवलं होतं, की शेजारचा एखादा तारा चौकटीत नेहमी ठेवावा, साक्षीला असतो. पण नऊदा हात पोळलेल्या माणसाला एकेक फोटो मोलाचा वाटतो. तिला वाटलं, साक्षीदाराला काय करायचंय, मी आहे ना.

सात चाळीसला ती पांघरुणाखाली होती. पडद्यावर एक पांढरा ठिपका थरथरत होता. शेजारी अचूक घड्याळ लावलं होतं आणि शेवटच्या मिनिटाला ती मोठ्याने आकडे म्हणायला लागली, म्हणजे आवाजही रेकॉर्ड व्हावा. "दहा... नऊ... आठ..." शून्य झालं. तारा होता. एक सेकंद गेला, दोन गेले. तारा जरासा फुगल्यासारखा झाला, मग मंद झाला, मग गेला. पडदा काळा. आणि तारा परत आला. अडीच सेकंद, वेळेच्या अंदाजापेक्षा तीन सेकंद उशिरा, म्हणजे अगदी चालण्यासारखं.

ती पांघरुणातून बाहेर आली तेव्हा नवरा दाराशी उभा होता. "विझला," एवढंच ती म्हणाली, आणि ओट्याला टेकून चक्क हसत सुटली. पंचवीस वर्षांत नवऱ्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मग आता दिवा लावू का?"

रेकॉर्डिंग त्याच रात्री सेकंदकाकांकडे गेलं. बाकीच्यांची दैना झाली होती. चौघांकडे ढग, एकाची बॅटरी मेली, आणि सहावा फार लांब असल्याने त्याचा तारा विझलाच नव्हता. म्हणजे सगळ्यांत मिळून एकटी बाईच. शनिवारी काकांचा फोन आला, आणि काका कधी नव्हे ते अडखळत बोलत होते. "ताई, शेजारचा तारा चौकटीत नाही, त्याबद्दल मी तुला ओरडणार आहे. पण ते नंतर. हे बघ, एरवी तारा खटकन विझतो. तुझा दोन टप्प्यांत विझलाय. आधी अर्धा, मग पूर्ण. याचा अर्थ कळतो का? तो एक तारा नसावा. दोन असावेत, एकमेकांना चिकटून. जुळा तारा. हा कुणाच्या यादीत नाही."

बाईने सवयीने घड्याळात पाहून फोनची वेळ लिहून ठेवली. काका म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मी अहवाल पाठवतो. तुझं नाव त्यात दोनदा येईल, एकदा वेळेपुढे, एकदा जुळ्या ताऱ्यापुढे."

ही बातमी पोस्टमनने सासूबाईंना पोचवली आणि घरात नवल घडलं. सासूबाई संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर चार बायकांत बसायच्या, तिथे त्यांनी सांगितलं, "आमच्या सुनेने एका ताऱ्याचे दोन केले." कुणी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "म्हणजे ते शिकलेल्यांना कळतं." रविवारी त्यांनी सुनेला थेट, मध्ये नवरा न घालता विचारलं, "चहा ठेवू का तुला?" बाई इतकी चकित झाली की नको म्हणाली, मग धावत जाऊन हो म्हणाली. सोमवारी सासूबाईंनी तिच्या जुन्या कोटाचं फाटलेलं अस्तर न सांगता बदलून ठेवलं. बाईला वाटलं, एका ताऱ्याने किती कामं केली.

बुधवारी संध्याकाळी दोघी ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. असं बसणंही नवंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "एक विचारू? हसशील."

"नाही हसणार, आई."

"तो तारा विझला ना, तेव्हा मला काही दिसलंच नाही. चांदण्यात मला तर माझाच डोळा दिसला. केवढा, ताटाएवढा. दचकलेच मी."

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठून बघितलंत तुम्ही?"

"कुठून म्हणजे? तोंडातून. वरून उघडं आहे ना ते, तिथून. तू इतकं सात बेचाळीस, सात बेचाळीस केलंस, म्हटलं आपणही बघावं एकदा. दार नाही हो उघडलं मी. पुढून बोळातून आले. चपलाही काढून ठेवल्या होत्या. तू खिडकीत आकडे म्हणत होतीस, ते संपले तशी वाकून पाहिलं." त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "हादरली तर नाही ना तुझी ती दुर्बीण? मी हात नाही लावला."

"नाही, आई. हादरली नाही."

बाई उठली आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. तिने ते अडीच सेकंद एकेक चित्र करून पाहिले. आधी तारा फुगला होता. तो वाऱ्याने नव्हता फुगला. कुणाचा तरी गरम श्वास आरशासमोर आला होता. मग अर्धा उजेड गेला, तेव्हा कपाळ आडवं आलं असणार. मग सगळंच डोकं. जुळा तारा नाही, लघुग्रह नाही, काही नाही. सासूबाईंचं डोकं. आणि शेजारचा तारा चौकटीत असता तर तोही त्याच क्षणी गेलेला दिसला असता आणि शनिवारीच सगळा उलगडा झाला असता. साक्षीदार तिने स्वतःच्या हाताने हाकलला होता.

नवरा आला. तिने त्याला सांगितलं. तो पडद्याकडे पाहत दबक्या आवाजात म्हणाला, "पण आईचं डोकं मध्ये होतं तेव्हाच तो दगडही समोरून गेला नसेल कशावरून?"

"गेलाही असेल."

"मग झालं तर. कोण सांगणार नाही म्हणून?"

खरंच कुणी सांगू शकत नव्हतं. तिथेच तर मेख होती. मंडळाच्या दप्तरात ही नोंद शंभर वर्षं तशीच राहिली असती आणि तिला खोटी ठरवायला कुणापाशी पुरावा नसता. बाईला रडू आलं. तिला सासूबाईंचा राग आला, इतका की दात आवळले गेले. बाराही महिने त्या नळकांड्याकडे पाठ फिरवून बसणाऱ्या म्हातारीला नेमकं त्याच मिनिटाला डोकं घालायची बुद्धी व्हावी? मग त्या काढून ठेवलेल्या चपला तिच्या डोळ्यांसमोर आल्या आणि तिला धड रागावताही येईना.

तेवढ्यात सेकंदकाकांचा फोन आला. "ताई, अहवाल तयार आहे. सकाळी दहाला पाठवतो. काही बदल?"

तिने तोंड उघडलं. बाहेर सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "उद्या छापायला जातंय हो." बाई म्हणाली, "सकाळी कळवते, काका."

रात्रभर तिने हिशेब घातला. नोंद मागे घ्यायची, हे तर ठरलंच. वीस वर्षं ज्या बाईने कुणाला एक मिनिट दिलं नाही ती स्वतःला अख्खा तारा कसा देणार? पण मंडळाचा एक फॉर्म असतो आणि त्यात शेवटी एक रकाना असतो, नोंद बाद होण्याचं कारण. तिथे मांजर लिहिलं की भागतं. मांजर दुर्बिणीसमोरून गेलं. म्हातारीला कळायचं कारण नाही, बाकावर तिची मान खाली जायचं कारण नाही, आणि तो चहा, ते अस्तर, ते मटार, सगळं होतं तसं राहील. एक शब्द फक्त.

सकाळी ती ओट्याशी आली तेव्हा सासूबाई तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "काय झालंय? कालपासून बघतेय. मी बोलले त्यापासून."

बाईने मांजर म्हणायचं ठरवलं होतं. तिला ते जमलं नाही. तिने स्टूल ओढलं, सासूबाईंना बसवलं आणि सगळं सांगितलं, आरसा खाली असतो आणि उजेड वरच्या तोंडातून येतो इथपासून. हातातला फडका त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवला.

"म्हणजे तो मी विझवला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि जुळा वगैरे काही नाही."

"नाही."

"मी बाकावर सांगून बसले." त्यांनी फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. "मग ओरड की मला. ड्रायव्हरांना ओरडतेस ना."

"नाही ओरडायचं मला, आई."

"का नाही? एवढा तुझा तारा गेला." आणि मग सासूबाईंचाच आवाज चढला. "दीड वर्ष झालं. पाय वाजवू नका, नाही वाजवले. दिवा लावू नका, अंधारात ठेचकाळले पण नाही लावला. दार उघडू नका, नाही उघडलं. सगळं सगळं सांगितलंस, तेही त्याच्या तोंडून. पण त्यात बघायचं कुठून, हे कधी सांगितलंस का मला? एकदा तरी म्हणालीस, या, बघा?"

दीड वर्षात बाईने त्या नळीला नवऱ्याचा डोळा लावला होता, शेजाऱ्यांचा लावला होता, मीटर बघायला आलेल्या माणसाचाही लावला होता. सासूबाई उठल्या, फडका खुंटीला अडकवला आणि पाठ करून भांडी विसळू लागल्या.

पावणेदहा वाजले होते. बाईने लॅपटॉप उघडून मंडळाचा फॉर्म काढला. तारीख लिहिली, ताऱ्याचा क्रमांक लिहिला, नोंदीपुढे बाद असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, "घरातील व्यक्ती दुर्बिणीसमोर आली." वाचून पाहिलं. शब्द न् शब्द खरा होता. तरी तिने ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं, "घरातील व्यक्तीला दुर्बिणीतून कुठून बघायचं, ते मी कधीच दाखवलं नव्हतं." आणि दहा वाजायच्या आत पाठवून दिलं.